सरांच्या ताऱ्याचा जोडीदार

तिने ठिपका तिसऱ्यांदा मोजला. तिसऱ्यांदाही तो होता तिथेच होता, ताऱ्याला डावीकडून अगदी खेटून.

विभागात तिला सगळे ‘ठिपकेवाली’ म्हणत. ज्या ताऱ्यांभोवती ग्रह सापडले आहेत, त्यांच्या शेजारी आणखी एखादा तारा दडून बसलाय का, हे शोधणं तिचं काम. बहुतेक ठिपके तोतये निघत. कुठला तरी फार मागचा तारा, नुसता एका रेषेत आलेला. म्हणून ती दोन वर्षांनी पुन्हा फोटो घ्यायची. दोघे बरोबरीने सरकलेले दिसले, तर जोडी खरी.

हे दोघे बरोबरीने सरकले होते. आणि तारा सरांचा होता.

बावीस वर्षांपूर्वी सरांनी या ताऱ्यासमोरून जाणारा ग्रह शोधला. ग्रह आडवा आला की तारा किंचित मंदावतो. किती मंदावला त्यावरून त्यांनी माप काढलं : थेट पृथ्वीएवढा. त्यानंतर सरांनी दुसरं काही शोधलं नाही, कारण त्यांना वेळच मिळाला नाही. शाळांची उद्घाटनं, मुलाखती, व्याख्यानं. त्यांच्या चहाच्या कपावर तो ग्रह होता, टायवर होता, घराच्या पाटीवरसुद्धा होता. उद्या दुपारी त्यांचा निवृत्तीचा सत्कार होता. केकही ग्रहाच्याच आकाराचा सांगितला होता.

पण शेजारी दुसरा तारा असला की दोघांचा उजेड एकमेकांत मिसळतो. मंदावणं कमी वाटतं, आणि ग्रह आहे त्यापेक्षा लहान भासतो. तिने नवा हिशोब मांडला. ग्रह जवळजवळ दीडपट निघाला. म्हणजे कदाचित अंगावर वायूची जाडजूड गोधडी, आणि पाय ठेवायला जमीन असेलच असं नाही.

दुर्बीण चालवणारा तंत्रज्ञ रजेवर होता, नाहीतर तिने त्याच्यापाशी मन मोकळं केलं असतं. शेवटी फोटो पिशवीत घालून ती सरांच्या घरी गेली. दार सरांच्या बायकोने उघडलं.

“काकू, सर आहेत? जोडीदार सापडलाय.”

“अगं बाई!” काकूंनी तिचे दोन्ही हात धरले. “कधी? कोण आहे? करतो काय?”

“काकू, तारा आहे तो.”

“सिनेमातला?”

“आकाशातला. सरांच्या ताऱ्याच्या शेजारी.”

“हात्तिच्या,” काकू म्हणाल्या आणि आत वळून ओरडल्या, “अहो, ऐकलंत का? माझ्या सवतीकडचं कोणी तरी आलंय.”

सरांनी फोटो खिडकीशी नेला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“हा माझाच तारा ना?”

“हो, सर.”

“खात्री आहे?”

“तीनदा मोजलंय.”

सर खुर्चीत बसले. समोरचा गार झालेला चहा त्यांनी एका घोटात संपवला.

“कोणाला सांगितलंस?”

“कोणालाच नाही. सर, उद्याचा सत्कार होऊ दे. महिन्या-दोन महिन्यांनी छापू. घाई कशाला?”

“नको,” सर म्हणाले. “उद्या मीच सांगतो.”

तिला रडूच फुटलं. काकूंनी तिला पाणी दिलं आणि सरांकडे असं पाहिलं, की जणू बावीस वर्षांत पहिल्यांदा नवरा दिसतोय.

दुसऱ्या दिवशी सभागृह खच्चून भरलं होतं. सर उठले, माइक नीट केला आणि म्हणाले, “माझा ग्रह पृथ्वीएवढा नाही. त्याच्या ताऱ्याला जोडीदार आहे. मी इतकी वर्षं तुम्हाला चुकीचं माप सांगत आलो. मला माफ करा.” आणि खाली बसले.

पहिली रांग उभी राहिली, मग सगळं सभागृह. टाळ्या थांबेनात. विभागप्रमुखांनी डोळे पुसले आणि ‘अशी माणसं आता होत नाहीत’ असं तीनदा सांगितलं. सरांचं सर्वांत छोटं भाषण सर्वांत जास्त गाजलं. केकचे तुकडे मात्र सगळ्यांनी जरा संकोचूनच खाल्ले.

सोमवारी तंत्रज्ञ रजेवरून आला. फोटो पाहून त्याने कपाळाला आठ्या घातल्या.

“मॅडम, हा सरांचा तारा कोण म्हणालं?”

“मी म्हणाले. का?”

“तुम्ही दिलेल्या यादीत एक ओळ खाली घसरलीय. सरांचा आठ नंबर. हा नऊ नंबर. दोन्ही वेळा आपण नऊच घेतलाय. आठकडे दुर्बीण फिरलीच नाही.”

ती तशीच धावत सरांच्या घरी गेली. सर व्हरांड्यात बसून मटार सोलत होते. टाय नव्हता. चेहऱ्यावर अशी टवटवी तिने कधी पाहिली नव्हती.

“सर, माझं चुकलं!” तिला धाप लागली होती. “तो तुमचा तारा नव्हताच!”

“माहीत आहे.”

“माहीत आहे?”

“अगं, बावीस वर्षं त्याच्याकडे बघतोय. चेहरा ओळखणार नाही? तू फोटो हातात दिलास तेव्हाच कळलं, हा दुसराच कोणी.”

“मग बोलला का नाहीत? मी आजच्या आज दुरुस्ती देते, सर. सगळ्यांना सांगते.”

सरांनी स्वयंपाकघराकडे एक नजर टाकली, खुर्ची तिच्याकडे ओढली आणि आवाज खाली आणला.

“दुरुस्ती दे, पण एवढीच दे. माझ्या ताऱ्याचा जोडीदार डावीकडे नाही, उजवीकडे आहे. मला पहिल्याच वर्षी दिसला होता.”