सोमवार, सकाळी नऊ

सोमवारची सकाळ मोकळी राहावी म्हणून मॅडम शुक्रवारीच सगळे मेल लिहून ठेवायच्या आणि ते आपोआप जायची वेळ लावून द्यायच्या. त्या शुक्रवारी शेवटचा मेल ऑफिसात नकाशे काढणाऱ्या ड्राफ्ट्समनला होता. तीन महिने तो रोज उशिरा येत होता. कारण सांगायला एकदा केबिनच्या दारात आलाही होता, पण मॅडम घाईत होत्या. "मेल करा," म्हणाल्या. त्याने केला नाही. 'यापुढे एकदा जरी उशीर झाला, तरी कामावरून कमी करण्यात येईल,' असं लिहून त्यांनी सोमवार सकाळी नऊची वेळ लावली.

सोमवारी नऊला पाच कमी असताना मॅडम पोचल्या, तर तो आधीच जागेवर बसलेला.

"आज लवकर?"

"घरी बसवेना," तो म्हणाला. "रोज सकाळी हॉस्पिटलात आईला भरवून यायचो. दुसऱ्या कुणाच्या हातून खायची नाही. परवा गेली."

मॅडमना एकदम तो मेल आठवला. तशा त्या केबिनकडे धावल्या. गडबडीत पासवर्ड दोनदा चुकला. तिसऱ्यांदा उघडलं, तोवर मेल गेला होता.

त्या बाहेर आल्या. तो स्क्रीनकडे बघत होता. वाचून झाल्यावर उठून उभा राहिला.

"बरोबर आहे, मॅडम," तो हळू आवाजात म्हणाला. "आता नाही होणार उशीर."