कॅन्सर नाही

सीटी स्कॅनमध्ये स्वादुपिंडाजवळ गाठ दिसली, तेव्हाच कुमुदिनीने मनाने सगळं आवरून घेतलं. शिलाई मशीन भाचीला दिलं, पाटल्या सुनेच्या हातात घातल्या.

मिरजेच्या डॉक्टरांनी मात्र घशातून सोनोग्राफीची दुर्बीण आत घातली आणि बारीक सुईने गाठीचा तुकडा काढून तपासायला पाठवला. आज रिपोर्ट पाहून ते म्हणाले, “काकू, कॅन्सर नाही. टीबीची गाठ आहे. सहा महिने गोळ्या घेतल्या की बऱ्या व्हाल.”

मुलगा तिथेच हुंदके देऊन रडू लागला. तिला ना रडू आलं, ना हसू. दुसऱ्याच कुणा बाईबद्दल बोलणं चाललंय असं वाटत राहिलं.

बाहेर आल्यावर मुलाने विचारलं, “आई, आज काय खाशील?”

ती विचार करत उभी राहिली. आपल्याला काय आवडतं, तेच तिला आठवेना.