कमलचं घोरणं

मिस्त्री पलंग जोडून गेला. धोंडूने गादी हाताने दाबून पाहिली. डिलाईल रोडच्या त्यांच्या चाळीच्या जागी टॉवर उभा राहिला होता आणि कालच तो आणि त्याची बायको कमल तिथे राहायला आले होते. बेडरूम म्हणावी अशी खोली त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच मिळाली होती. कमल उशांना अभ्रे घालत होती. तिची धाकटी बहीण सीमा घोडपदेवहून घर बघायला आली होती.

“भावजी, मजा आहे बाबा! आता गॅलरीत झोपायला नको.”

धोंडू हसला. मग आवाज खाली आणून म्हणाला, “सीमा, संक्रमण शिबिरातली खोली सोडली आणि इथे रंगकाम चाललं होतं तेव्हा ही आठवडाभर तुझ्याकडे होती. तुमची झोप झाली ना? हिच्या घोरण्याचा त्रास...”

“घोरणं? ताईचं? काय भावजी, काहीही! एका रात्री तर मी घाबरून तिच्या नाकाशी बोट धरलं, श्वास चालतोय ना बघायला. इतकी गपगार झोपते.”

असं म्हणून सीमा चहा टाकायला गेली.

धोंडू उभाच राहिला. लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून तो आधी चाळीच्या आणि ती पाडल्यावर संक्रमण शिबिराच्या गॅलरीत झोपत आला होता. कमल इतकी घोरायची की आत डोळ्याला डोळा लागायचा नाही. चाळीतले बरेच पुरुष बाहेर झोपायचे, त्यामुळे कुणाला त्यात काही वाटलं नाही. विचारलंच कुणी तर तो म्हणायचा, मला आत उकडतं. पावसाळ्यात अंगावर प्लास्टिक घेऊन झोपला, पण बायकोचं नाव पुढे केलं नाही. गावच्या वैद्याने सांगितलेला काढा तो स्वतः उकळून तिला द्यायचा.

“काढा पण प्यायचीस,” तो म्हणाला.

कमलच्या हातातला अभ्रा अर्धाच चढला होता.

“कशासाठी गं?”

“तुम्ही बाहेर गेलात की मला झोप लागायची.”

“मी कधी हात उगारला तुझ्यावर? दारू पिऊन आलो?”

“नाही.”

“मग तोंडाने सांगायचं होतंस.”

“सांगितलं होतं. आज नको, दमलेय, म्हणून. किती वेळा सांगितलं. तुम्ही ऐकलं नाहीत. घोरायला लागले, तेव्हा ऐकलंत.”

धोंडू गादीच्या कडेला बसला.

“आता या वयात काय होतं माझ्याकडून? शेजारी पडायचं, एवढंच ना.”

कमलने अर्धा राहिलेला अभ्रा ओढून पूर्ण चढवला.

“घोरून दाखव.”

“सीमा आहे घरात.”

“दाखव.”

कमलने उशी पोटाशी धरली. समोरच्या कोऱ्या भिंतीकडे उघड्या डोळ्यांनी बघत ती घोरू लागली. तोच आवाज. आधी घरघर, मग श्वास अडकल्यासारखा थांबायचा, मग एकदम जोरात सुटायचा. तो मधला थांबा आला की धोंडू बाहेर उठून बसायचा. हिला काही झालं तर नाही ना, म्हणून पुढचा श्वास येईपर्यंत दाराला कान लावून राहायचा.

स्वयंपाकघरातून सीमाच्या हसण्याचा आवाज आला.

“ताई, भावजी झोपले पण? तुला नावं ठेवत होते आणि स्वतःच घोरतायत बघ!”

कमल थांबली. धोंडू तिच्याकडे बघत राहिला.

“हो गं,” ती म्हणाली. “दमलेत ते आज.”