सरळ लाइन

पंचफुलाच्या कानात नुसती खरखर चालली होती. त्या खरखरीत अमरावतीचा कुणी डॉक्टर ओरडत होता. तिला एवढंच कळलं: मैना, पोट, परवानगी. मैना म्हणजे अकोला टेलिफोन एक्स्चेंजचे सुपरवायझर चंद्रभानजी यांची लेक, पहिलटकरीण.

तिनं चंद्रभानजी साहेबांना हाक मारली. ते धावत आले, पण तिचा हेडफोन काही घेईनात. काय म्हणतो ते तूच सांग, म्हणाले. आता काय सांगणार, कपाळ?

अमरावतीच्या दोन लाइनी होत्या. सरळ लाइनीवर आवाज स्वच्छ यायचा. दुसरी बडनेऱ्यावरून फिरून यायची, तिच्यावर माणूस बोलतो की लाह्या फुटतात ते कळायचं नाही. सरळ लाइन दुसऱ्या ऑपरेटर सुभद्राबाईंची. पंचफुला नोकरीला लागली त्याच दिवशी साहेबांनी तिची खुर्ची खरखरीपुढे टाकली. तिच्या घरच्यांनी छप्पन साली बौद्ध धम्म घेतला, पण यांच्या लेखी ती होती तीच. तिच्या कानाचा हेडफोन इतर बायांनी कसा लावायचा, ही साहेबांची मोठी काळजी. सरळ लाइनीला हात लावलास तर नोकरी घालवीन, असा दम भरलेला. घरात पगार आणणारी ती एकटीच, म्हणून बिचारी ऐकून घ्यायची. सरकारी एक्स्चेंज, पण मिजास अशी, जशी काही बापाची इस्टेट.

हा फोन आला त्या दिवशी सुभद्राबाई रजेवर होत्या. साहेबांनी स्वतःच सरळ लाइनीची पिन उचलली. घाईघाईत दोनदा ती भलत्याच भोकात खुपसली.

"तू बस त्या खुर्चीवर," ते म्हणाले. "लवकर कर, माय."

ती बसली. सुभद्राबाईंचा हेडफोन डोक्याला चढवला, अमरावतीच्या ऑपरेटर बाईला कॉल या लाइनीवर घ्यायला सांगितला, पिन खुपसली. डॉक्टरचा आवाज स्वच्छ आला. जावई परगावी आहे, पोट चिरायला बापाचा होकार हवा. साहेबांनी तिच्या डोक्यावरून हेडफोन ओढला, आपल्या कानाला लावला आणि रडत रडत हो म्हणाले. काय वाट्टेल ते करा, पोरगी वाचवा, म्हणाले.

मैना वाचली. नातू झाला. दुसऱ्या दिवशी साहेबांनी सगळ्यांच्या हातावर पेढे ठेवले. पंचफुलाचा तेवढा कागदावर ठेवून टेबलावरून सरकवला. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मग सुभद्राबाई आल्या. साहेबांनी त्यांच्यापुढे स्पिरिटची बाटली आणि कापूस ठेवला. काल ही बसली होती तुमच्या जागेवर, तेव्हा हेडफोन जरा पुसून घ्या, असं सगळ्यांदेखत सांगितलं.

सुभद्राबाई पुसू लागल्या. पंचफुलानं खुर्ची वळवली. गेली नोकरी तर गेली, असं तिला आज पहिल्यांदाच वाटलं.

"चांगला घासून पुसा, बाई," ती म्हणाली. "माह्यानंतर तो साहेबायनं लावला होता. त्यायचा इटाळ हाये त्याले."