मोठ्या सरांची फेरी

फेरी काचेच्या पेटीपाशी थांबली. सर्वांत पुढे प्रोफेसर मिबुची, मागे सहप्राध्यापक, त्यांच्यामागे हुद्द्याप्रमाणे बाकीचे डॉक्टर, आणि पार शेपटाला, पेटीशेजारी बसलेल्या चिनामीचा नवरा, डॉक्टर नागासे. पेटीतलं बाळ त्याचंच होतं. पण तेवढ्यासाठी रांगेतली जागा थोडीच बदलते!

"सलाइनमधून ग्लुकोज चालू आहे, तरी रक्तातली साखर पुन्हा घसरली," सहप्राध्यापक म्हणाले.

मिबुची सरांनी कपाळावरचा घाम टिपला आणि खिशातला काळ्या साखरेचा खडा तोंडात टाकला. फेरीत दर दोन-तीन खाटांमागे ते असे थांबत. सगळी रांग श्वास रोखून उभी राहायची. सर विचार करताहेत, अशी विभागाची श्रद्धा होती.

"स्वादुपिंड बेफाम इन्शुलिन सोडतंय," सर म्हणाले. "परवा शस्त्रक्रिया. बहुतेक सगळं काढून टाकू. अशी केस आपल्याकडे पहिलीच!"

रांग हरखली. चिनामीचं अभिनंदन करायचं तेवढं बाकी राहिलं.

"गरोदरपणात काही औषधं घेतलीत?" सहप्राध्यापकांनी रीत म्हणून विचारलं.

चिनामीने रांगेच्या टोकाकडे पाहिलं. नवरा हळूच मान हलवत होता. नाही म्हण.

रिवाजाप्रमाणे उन्हाळी भेट म्हणून सरांच्या बायकोने विभागातल्या घरोघरी कॅप्सूल पाठवल्या होत्या. वजन उतरतं, कांती उजळते म्हणे. सरांच्या घरची भेट कपाटात ठेवायची सोय नव्हती. भेटल्यावर गुण आल्याचं सांगावं लागे. त्यात तपासणीला गेलं की वजनकाट्यावरून बोलणी बसत. चिनामीने बाळंतपणापर्यंत त्या नेमाने घेतल्या होत्या. "कॅप्सूलचं नाव काढू नकोस," नवऱ्याने कालच बजावलं होतं, "माझी नोकरी जाईल."

पेटीत बाळाचा हात थरथरला. सकाळी उपाशीपोटी तिचा थरथरायचा, अगदी तसाच.

"घेत होते," ती म्हणाली. "बाईसाहेबांनी पाठवलेल्या कॅप्सूल. माझेही हात असेच कापतात, सर. आधी माझं रक्त तपासा, मग त्याच्या पोटाला सुरी लावा."

नागासे आपल्या बुटांच्या नाड्या न्याहाळत राहिला.

रक्त तपासलं गेलं. कॅप्सूलमुळे चिनामीच्या शरीराने इन्शुलिनविरुद्धच प्रतिपिंडं तयार केली होती. ती इन्शुलिन धरून ठेवत आणि भलत्या वेळी सोडून देत; मग साखर घसरे, घाम फुटे, हात कापत. नाळेतून तीच बाळात उतरली होती. काही आठवड्यांत आपोआप ओसरणार होती. तोवर सलाइन आणि थोडं थोडं दूध पुरे होतं. सुरीची गरजच नव्हती. चिनामी पेटीच्या काचेला गाल लावून मनसोक्त रडली.

पुढच्या फेरीत सरांनी पेटीपाशी उभं राहून अहवाल वाचला. आवाज जरा खाली आला होता.

"या कॅप्सूल आणखी कोण घेतं?"

वरिष्ठाच्या आधी हात वर करायची विभागात पद्धत नव्हती. प्रत्येक जण पुढच्याच्या पाठीकडे पाहत होता, आणि सहप्राध्यापक सरांकडे.

सरांच्या कपाळावर घाम फुटला. सवयीने हात खिशात गेला, साखरेचा खडा बाहेर आला. तोंडाशी नेलेल्या त्या खड्याकडे ते बराच वेळ पाहत राहिले. मग चिनामीच्या शेजारच्या स्टुलावर बसले आणि त्यांनी डावी बाही वर सारली.

त्यांच्यामागे, हुद्द्याप्रमाणे, सगळ्या रांगेने बाह्या वर केल्या.