चपलांची राखण

"शाल्मली, बघ गं!" म्हणत पोरींनी चपला कडुलिंबाखाली भिरकावल्या आणि साखळी खेळायला मैदानात धूम ठोकली. गुडघ्यांना संधिवाताने धरल्यापासून खेळाच्या तासाला चपलांची राखण शाल्मलीकडेच होती.

पण काल डॉक्टरीणबाईंनी तिच्या आईला चांगलंच फैलावर घेतलं होतं. "अशी बसवून ठेवलीत तर सांधे आणखी आखडतील. खेळू द्या तिला. फार दुखलं तर तीच थांबेल."

शाल्मली झाडाला धरून उठली. स्वतःच्या चपला काढून तिने ढिगात टाकल्या.

"अगं, बस तू! पाय दुखतील," सर लांबूनच ओरडले.

"बसूनही दुखतातच, सर."

ती पहिल्याच झटक्यात पकडली गेली. पण साखळीत जी सापडते, तिला हात धरून बाकीच्यांच्या मागे पळावंच लागतं. गुडघे कुरकुरायला लागले, पाऊल अडखळायला लागलं. "थांबूया का गं?" शेजारच्या मुलीने हळूच विचारलं. शाल्मलीने तिचा हात आणखी घट्ट धरला. "ती बघ सुटतेय! चल!" म्हणत तिलाच ओढत नेलं.

घंटा झाली. सगळ्या झाडाशी आल्या, तर एक कुत्रं कुणाचीतरी कोरी चप्पल तोंडात धरून फाटकाबाहेर पसार होत होतं.

"चपलांकडे लक्ष कुणाचं होतं?" सर कडाडले.

सवयीने सगळ्या माना शाल्मलीकडे वळल्या.

फ्रॉकने कपाळावरचा घाम पुसत ती म्हणाली, "मी? मी खेळत होते."