घाटातली हाक

खोपोली मागे पडून चढ लागला, तशी गुणाबाईने पुढची फळी घट्ट धरली. रोडपालीच्या मिठागरात सारा जन्म गेलेली बाई ती. जमीन अशी उभी राहते, हे तिने ऐकलं होतं, पाहिलं नव्हतं. तिचा नवरा धर्मराज मात्र पनवेलहून मिठाचा ट्रक घेऊन हा घाट नेहमी चढणारा. लढाई संपल्यावर लष्कराने विकायला काढलेली एक जुनी ॲम्ब्युलन्स त्याने घेतली, आत खाट ठोकली, भांड्यांची पेटी बसवली, बाजूच्या लाल फुलीवर हिरवा रंग फासला. गाडीतच निजायचं, वाटेत रांधायचं आणि बायकोला महाबळेश्वरपर्यंत डोंगर दाखवायचे, असा बेत. गाव पोटभर हसलं. जाऊबाई म्हणाली, "लोकं असल्या गाडीत मढी नेतान, तुमी संसार न्या."

निम्म्या घाटात इंजिन वाफ सोडू लागलं. धर्मराजने गाडी कडेला घेतली, ब्रेक ओढला, जुन्या ब्रेकचा भरवसा नको म्हणून मागच्या चाकाला दगड टेकवला आणि डबा उचलला. थोडं खाली, गाडीच्या मागेच, कड्यातून पाणी झिरपत होतं.

"चा टाक," तो जाता जाता म्हणाला. "आन् डोंगर बघ जरा. पायांकडंच बघत बसू नको."

गुणाबाईने काटक्या गोळा केल्या. चुलीला दोन धोंडे मिळाले, तिसरा मिळेना. खारपाटात दगड म्हणजे अपूर्वाई. दिसला की उचलून घरी न्यायचा. चाकाजवळचा चांगला चपटा होता. नुसता टेकलेला, सहज निघाला. तो तिथे कुणी आणि कशासाठी ठेवला असेल, हे तिच्या मनातही आलं नाही. तिच्या मुलखात उभी केलेली वस्तू उभीच राहते.

जाळ फुंकून तिने धुरातून डोकं वर काढलं, तर गाडी जागेवर नव्हती. आवाज न करता मागे मागे चालली होती. खाली धर्मराज पाठमोरा बसून डबा भरत होता.

नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य तुटतं, म्हणून तिने लग्नापासून ते कधी उच्चारलं नव्हतं. तिच्या हलक्या 'अवो'ला तो झोपेतूनही वळायचा. त्या घटकेला मात्र 'अवो' तोंडात आलंच नाही. आली ती सासूची हाक. म्हातारी जिवंत होती तेव्हा भर दुपारी बांधावर उभी राहून मिठागरातल्या लेकाला जेवायला बोलवायची, अगदी तशीच, लांबवलेली.

"धर्माऽऽ!"

त्याने ऐकलं. पण तो मागे वळला नाही. कुणी वरून बोलावल्यासारखी त्याने मान उचलली आणि समोरच्या डोंगराकडे बघत तसाच बसून राहिला.

वरून आलेल्या ट्रकमधल्या माणसांनी गाडी पुढे रेटून कड्याशी चेंगरलेल्या धर्मराजला सोडवलं. त्याच्याच खाटेवर त्याला निजवलं. एकाने स्टिअरिंग हाती घेतलं आणि गाडीचं तोंड पनवेलच्या दवाखान्याकडे फिरवलं. दुसरा मघापासून विचारत होता, एवढा जुना डायवर, चाकाला दगड कसा नाय लावला? त्याने चहाचं भांडं कलंडवून चूल विझवली आणि तिन्ही दगड लाथेने दरीत लोटले.

गाडी उतरू लागली. मागचं दार नीट लागत नव्हतं. फटीतून डोंगर एकेक करून मागे जात होते. धर्मराजच्या कमरेवर घातलेली गोधडी भिजत चालली होती. दगड मी काढला, हे शब्द तिच्या ओठांपर्यंत आले.

"गुणे," तोच आधी बोलला. आवाज लहान मुलासारखा झाला होता. "आयनी हाक मारली. मना जेवाला बोलवतं ती. तू पन आयकलीस ना?"

तिने त्याचा हात दोन्ही हातांत धरला.

"आयकली," ती म्हणाली. "पन तुमी ओ देऊ नका."